गिऱ्हाईक कोणाचं?

न्यू जर्सीतल्या एव्हनेलचं केमार्ट एप्रिल २०२२ मध्ये बंद झालं, तेव्हा अमेरिकेच्या मुख्य भूमीवर या साखळीची उरली फक्त तीन दुकानं. १९६२ मध्ये मिशिगनमधल्या गार्डन सिटीत पहिलं केमार्ट उघडलं होतं. भरभराटीच्या काळात ही संख्या दोन हजारांवर गेली होती. एव्हनेल ज्या वुडब्रिज टाउनशिपमध्ये येतं, त्याच टाउनशिपमध्ये इझलिन आहे आणि इझलिनमधून एडिसनकडे ओक ट्री रोड जातो. तिथे शनिवारी दुपारी गाडी लावायला जागा मिळत नाही. साड्या, सोनं, मिठाई, पूजेचं सामान, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, भिंतीला टेकवलेली तांदळाची पोती. टाउनशिप एकच, घरपोच माल आणणाऱ्या गाड्याही त्याच. तरी एक दुकान बुडतं आणि थोड्याच मैलांवरचा रस्ता गजबजलेला राहतो. असं का होतं?

मध्य न्यू जर्सीतल्या मराठी घरांत या प्रश्नावर दोन बाजू हमखास ऐकू येतात. इथे त्या एका मामाच्या आणि भाचीच्या तोंडी घातल्या आहेत. मामांचं ओक ट्री रोडवर किराणा आणि स्टीलच्या भांड्यांचं दुकान. भाची न्यू जर्सी टर्नपाइकच्या ‘८ए’ एक्झिटजवळच्या गोदामात मालाची आवक-जावक आखते. माणसं कल्पित आहेत. सालं, आकडे आणि कंपन्या खऱ्या.

“केमार्ट कुणी मारलं ते शाळेतलं पोरही सांगेल,” मामा म्हणतात. “लोक सोफ्यावर लोळत मागवतात, दुसऱ्या दिवशी खोकं दारात. दुकानात कोण येणार?”

“मामा, सगळे सोफ्यावरून मागवत नाहीत. जनगणना खात्याचे आकडे बघ ना. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एकूण किरकोळ विक्रीत ऑनलाइनचा वाटा साधारण १६ टक्के होता. म्हणजे शंभर डॉलरमधले चौऱ्याऐंशी अजून दुकानातच पडतात.”

“त्या शंभरात मोटारी आणि पेट्रोल धरलंय की नाही?”

धरलं आहे. भाचीला ते मान्य करावं लागतं. मोटारी आणि पेट्रोल वजा केलं की ऑनलाइनचा वाटा बराच फुगतो, आणि पुस्तकं किंवा इलेक्ट्रॉनिक वस्तू घेतल्या तर चित्र फार वेगळं दिसतं. शिवाय वेगही ध्यानात घ्यायला हवा. २०१९ मध्ये हा वाटा ११ टक्क्यांच्या आसपास होता. कोविडच्या पहिल्या उन्हाळ्यात तो एकदम १६ टक्क्यांच्या वर उसळला. नंतर थोडा खाली आला, पण जुन्या जागी काही गेला नाही.

मामांची खरी तक्रार मात्र वेगापेक्षा जुनी आहे. “शंभर डॉलरचा कुकर मी विकला तर वर सहा-सात डॉलर सरकारचे. नव्वदच्या दशकापासून मी ते इमानेइतबारे भरले. तोच कुकर ऑनलाइन घेतला तर कित्येक वर्षं कर शून्य. हा कुठला बाजार?”

इथे मामांची बाजू पक्की आहे. १९९२ च्या ‘क्विल’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं होतं की ज्या राज्यात विक्रेत्याची जागा किंवा माणसं नाहीत, तिथे त्याच्यावर विक्रीकर गोळा करायची सक्ती करता येणार नाही. तो कर ग्राहकाने स्वतः भरायचा होता. जवळजवळ कुणीच भरत नसे. ॲमेझॉनने १९९५ मध्ये पुस्तकं विकायला सुरुवात केली आणि न्यू जर्सीत कर घ्यायला सुरुवात केली जुलै २०१३ मध्ये, राज्यात गोदामं बांधायचं ठरल्यावर. रॉबिन्सव्हिलचं त्यांचं अवाढव्य गोदाम पुढच्याच वर्षी सुरू झालं. देशभरातली पळवाट बुजली ती २१ जून २०१८ ला, ‘साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर’ खटल्यात, तीही पाच विरुद्ध चार मतांनी. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने इतकी वर्षं सरकारचा वसुली कारकून म्हणून फुकट काम केलं आणि त्याच कारणाने तो महाग ठरला. स्पर्धेत हरला असं त्याला म्हणताना हे आठवायला हवं.

“ते चूकच होतं,” भाची म्हणते. “पण घरपोच माल हा काही इंटरनेटचा शोध नाही. माँटगोमरी वॉर्डचा पहिला कॅटलॉग १८७२ चा. मागून सीअर्स आलं. १ जानेवारी १९१३ ला टपाल खात्याने पार्सल न्यायला सुरुवात केली, तेव्हा गावोगावचे दुकानदार आत्ता तू ओरडतोयस तसेच ओरडत होते. काही गावांत तर कॅटलॉगांची होळी केली त्यांनी.”

“बरोबरच होतं त्यांचं!”

“त्यांचं बरोबर होतं, पण गिऱ्हाइकाचं काय? दक्षिणेतल्या काळ्या शेतमजुराला गावच्या दुकानात गोरी माणसं संपेपर्यंत ताटकळत उभं राहावं लागायचं. उधार द्यायचं की नाही, कुठलं कापड दाखवायचं, सगळी दुकानदाराची मर्जी. सीअर्सच्या कॅटलॉगमध्ये सगळ्यांना भाव एकच. लुई हायमन नावाच्या इतिहासकाराने हे नीट मांडलंय. आणि इतकं लांब कशाला जायचं? मी शिकायला आले तेव्हा दुकानात माझे उच्चार ऐकून समोरच्याचा चेहरा बदलायचा. ऑनलाइन मागवताना कुणी माझ्याकडे बघत नाही, याचं मला फार बरं वाटायचं.”

मामा यावर लगेच उत्तर देत नाहीत, आणि घाई करण्यासारखं ते नाहीच. दुकानदार गिऱ्हाइकाला ओळखतो याचं कौतुक करताना, त्या ओळखीतून अपमानही होत आला आहे, हे दुकानाच्या बाजूने बोलणारे सहसा विसरतात.

“पण मग तुझ्या सीअर्सचं काय झालं?” मामा थोड्या वेळाने विचारतात. “शंभर वर्षं लोकांच्या घरी माल पोचवायचा अनुभव. गोदामं, पत्ते, उधारीच्या वह्या, सगळं होतं. ते कसे बुडाले?”

सीअर्सने आपला मोठा कॅटलॉग १९९३ मध्ये बंद केला. तोट्यात होता म्हणून. पुढच्या वर्षी जेफ बेझोसने ॲमेझॉन स्थापन केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सीअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. केमार्ट तोवर त्याच मालकाकडे आलेलं होतं. एका वर्षाची ही चुकामूक अमेरिकन व्यापारात पुन्हा पुन्हा सांगितली जाते, पण त्याहून बोलकी गोष्ट न्यू जर्सीतच घडली आहे आणि ती सविस्तर सांगण्यासारखी आहे.

टॉयज ‘आर’ अस हे खेळण्यांचं दुकान. मुख्यालय न्यू जर्सीतच होतं, शेवटच्या काळात वेन गावी. १९९९ च्या नाताळात त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मागवलेली बरीच खेळणी वेळेत पोचली नाहीत. नाताळ उलटल्यावर आलेल्या खेळण्याचा मुलांना काय उपयोग? हात पोळलेल्या कंपनीने २००० मध्ये ॲमेझॉनशी दहा वर्षांचा करार केला. खेळणी कोणती ठेवायची ते टॉयज ‘आर’ अस ठरवणार. संकेतस्थळ, गोदाम आणि पाठवणी ॲमेझॉनची. ठरलेल्या प्रकारची खेळणी ॲमेझॉनवर दुसऱ्या कुणी विकायची नाहीत, असं कलम होतं. काही वर्षांत तीच खेळणी तिथे इतर विक्रेत्यांकडेही दिसायला लागली. २००४ मध्ये टॉयज ‘आर’ अस कोर्टात गेली, २००६ मध्ये न्यू जर्सीच्या न्यायाधीशांनी करार मोडीत काढला, आणि पुढे तडजोडीत ॲमेझॉनने ५ कोटी १० लाख डॉलर दिले. खटला जिंकला. पण त्या सहा वर्षांत लाखो आईबापांना खेळणी शोधायची तर ॲमेझॉनवर जायचं, ही सवय लागून गेली होती, आणि ती लावायला खुद्द खेळण्यांच्या दुकानानेच मदत केली होती.

मधल्या काळात, २००५ मध्ये, बेन कॅपिटल, केकेआर आणि व्हॉर्नाडो या तीन गुंतवणूक कंपन्यांनी मिळून कंपनी सुमारे ६.६ अब्ज डॉलरला विकत घेतली. बहुतेक पैसा कर्जाऊ, आणि ते कर्ज कंपनीच्याच डोक्यावर. वर्षाला ४० कोटी डॉलरच्या घरात नुसतं व्याज. दुकानं रंगवायची, माणसं वाढवायची, स्वतःचं संकेतस्थळ सुधारायचं, तर पैसा आणायचा कुठून? सप्टेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरी, जून २०१८ मध्ये अमेरिकेतली शेवटची दुकानं बंद. तीस हजारांच्या आसपास माणसं घरी बसली. नोकरी सोडताना मिळायचे पैसेही त्यांना मिळाले नाहीत. त्यांनी मोर्चे काढले, गुंतवणूकदारांच्या दारात ठाण मांडलं, तेव्हा कुठे केकेआर आणि बेनने २ कोटी डॉलरचा मदतनिधी काढला.

“बघ, कर्जाने मेली ती कंपनी,” भाची म्हणते. “लोक सरसकट ऑनलाइनच्या नावाने बोटं मोडतात. बेड बाथ अँड बियाँडचंही तेच. आपल्याच युनियन गावची कंपनी. स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यात अब्जावधी उडवले आणि २०२३ मध्ये माल भरायला पैसा नाही. मालाशिवाय दुकान कसं चालणार?”

“कर्ज होतंच. पण गिऱ्हाईक आधी गेलं,” मामा म्हणतात. “धंद्यात तोटा आला तर माणूस दागिने मोडतो, गाळा विकतो, पुन्हा उभा राहतो. आपल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या दारात सोडून आलं की परत बोलवता येत नाही.”

दोघांचंही खरं आहे, तरी मामांचा मुद्दा खोल जातो. पुस्तकांच्या बॉर्डर्स साखळीनेही २००१ मध्ये आपली ऑनलाइन विक्री ॲमेझॉनच्या हवाली केली आणि २०११ मध्ये ती साखळी संपली. याच्या उलट बेस्ट बाय. लोक तिथे टीव्ही बघून जायचे आणि मागवायचे ऑनलाइन. २०१२ मध्ये सूत्रं हाती घेतलेल्या ह्यूबर्ट जोली यांनी ऑनलाइनच्या भावात माल द्यायला सुरुवात केली, दुकानातूनच घरपोच पाठवणी सुरू केली आणि सॅमसंगसारख्या कंपन्यांना दुकानात स्वतःचे कोपरे थाटू दिले. लोक नुसते बघायला येत होते तरी येत होते, आणि आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने का जाऊ द्यायचं, हा साधा दुकानदारी विचार होता. बेस्ट बाय आजही उभी आहे.

मग ओक ट्री रोडचं रहस्य काय? भाचीच्या मते रहस्य वगैरे काही नाही. बांगडी हातात घालून बघावी लागते, ब्लाउज अंगावर बेतून घ्यावा लागतो, भेंडी मोडून बघावी लागते. मामांच्या मते कारण माणसांत आहे. नव्वदच्या दशकात इथल्या रिकाम्या गाळ्यांत भारतीय दुकानदार आले. माल बघायला लोक येत, तसेच आपली भाषा कानावर पडावी म्हणूनही येत. घर भाड्याने कुठे मिळेल, मुलाची मुंज कोण लावेल, नवरात्रात भोंडला कुठे आहे, हे सगळं गल्ल्यापाशी विचारलं जाई.

“जाई,” भाची म्हणते. “आता ते सगळं व्हॉट्सॲपवर विचारतात. आणि मामा, तुझ्याकडची गर्दी आहे, पण खरेदी बदलली. लोक कढीपत्ता तुझ्याकडून नेतात आणि वीस पौंडांची आट्याची पिशवी घरपोच मागवतात. फ्रीमाँटची वी! नावाची कंपनी बघ, शिकागोची क्विकली बघ. भाजीत तुला सुटतं किती आणि आट्यात किती?”

मामांच्या चेहऱ्यावरूनच उत्तर कळतं. भाजी सडते, सुकते. ती ठेवायची गिऱ्हाईक यावं म्हणून. कमाई डाळ-तांदूळ, मसाले, तूप आणि भांड्यांवर. घरपोच देणारे नेमका तोच भाग उचलतात. रस्ता गजबजलेला दिसतो म्हणून दुकानं ठणठणीत आहेत, असं मानणं धोक्याचं आहे. याची जाणीव गर्दी मोजणाऱ्यापेक्षा संध्याकाळी गल्ला मोजणाऱ्याला आधी होते.

“आणि तुझ्या गोदामात काय सोन्याच्या राशी आहेत?” मामा उलट विचारतात. “क्रॅनबरी, मन्रो, साउथ ब्रन्सविक... मी आलो तेव्हा तिथे शेतं होती. आता नुसत्या बिनखिडक्यांच्या भिंती. तिथली पोरं आठ-दहा तास घड्याळाशी शर्यत लावतात.”

यावर भाची गोदामाची वकिली करत नाही. एप्रिल २०२२ मध्ये, एव्हनेलचं केमार्ट बंद झालं त्याच महिन्यात, खाडीपलीकडच्या स्टेटन आयलंडवर ॲमेझॉनच्या कामगारांच्या मतदानाचा निकाल युनियनच्या बाजूने लागला. अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या गोदामात असं पहिल्यांदाच घडलं. कामाचा वेग आणि दुखापती या तिथल्या मुख्य तक्रारी होत्या. “पण दुकानातली नोकरी तरी कुठे सुखाची होती?” ती विचारते. “तुझ्याकडे गल्ल्यावर बसणाऱ्या काकूंना आरोग्य विमा आहे?”

नाही. मामा तसं सरळ सांगतात.

मग भाची आपला जुनाच आग्रह पुढे रेटते: दुकान ऑनलाइन न्यावं. मामांनी तोही प्रयोग केलेला आहे. एका मोठ्या बाजारमंचावर त्यांनी पोळपाट-लाटणं, तांब्याचे तांबे, मोदकाचे साचे लावले. साचे चांगले खपले. विक्रीवरचं कमिशन, गोदामात ठेवण्याचं भाडं, पोचवण्याचा खर्च, आणि शोधात वर दिसण्यासाठी द्यायच्या जाहिरातीचे पैसे वजा करता हातात फारसं उरलं नाही. साचे खपतात हे दिसल्यावर दुसऱ्या विक्रेत्यांनी तेच साचे स्वस्तात लावले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे साचे कुणी घेतले, हे मामांना कधी कळलंच नाही. पार्सलवर नाव मंचाचं, तक्रार मंचाकडे, पुढच्या गणपतीत आठवणही मंचाचीच.

ही तक्रार एकट्या मामांची नाही. ॲमेझॉनवर विकल्या जाणाऱ्या नगांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त बाहेरचे विक्रेते विकतात. सप्टेंबर २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन आणि न्यू जर्सीसह सतरा राज्यांनी ॲमेझॉनवर मक्तेदारीचा खटला भरला. सगळ्या आकारण्या धरल्या तर विक्रेत्याच्या उत्पन्नातला जवळजवळ निम्मा भाग ॲमेझॉनकडे जातो, आणि दुसरीकडे स्वस्त विकणाऱ्याला शोधात मागे ढकललं जातं, असा सरकारचा आरोप आहे. कंपनीने तो फेटाळला आहे. आपल्या सोयींमुळे ग्राहक आणि विक्रेते दोघांचाही फायदा होतो, असं तिचं म्हणणं आहे.

“भारतात याचा कायदा आहे,” मामा म्हणतात. “परदेशी पैशावर चालणाऱ्या बाजारमंचाला स्वतःचा माल विकता येत नाही. बाजार चालवायचा तर बाजार चालवा, दुकान मांडायचं तर दुकान मांडा.”

“आणि त्यातून वाटा काढत कंपन्यांनी भागीदारीतले विक्रेते उभे केले, मग सरकारने २०१८ च्या डिसेंबरात नियम आणखी आवळले. कागदावरचा कायदा आणि बाजार यांत अंतर असतं, मामा.”

अंतर असतं, हे खरं. तरी अमेरिकेत हा प्रश्न विचारायलाच पाव शतक लागलं, याची खंत वाटते. सीअर्सने कॅटलॉग छापला, पण टपाल खातं सीअर्सचं नव्हतं. टपालाची गाडी वॉर्डचाही माल नेत असे आणि गावच्या दुकानदाराचाही. आज बाजाराची जागा, त्यातलं दुकान, गोदाम, गाडी आणि कोण काय शोधतं याची नोंद एकाच मालकाकडे आहे. गावच्या जुन्या दुकानदारापुढे कॅटलॉग होता, पण अशी ताकद नव्हती.

भाचीकडे मात्र एक उदाहरण आहे, आणि ते मामांच्या ओळखीतलंच आहे. न्यू जर्सीतल्या कितीतरी मराठी बायका घरून पुरणपोळ्या, उकडीचे मोदक, दिवाळीचा फराळ करून देतात. ना गाळा, ना बाजारमंच. व्हॉट्सॲपच्या गटात यादी टाकायची, मागण्या वहीत लिहायच्या, पैसे थेट फोनवर, आणि ठरलेल्या शनिवारी लोक घरी येऊन डबे नेतात. ही विक्री ऑनलाइनच आहे, फक्त गिऱ्हाइकाचं नाव, फोन आणि चकलीला तिखट किती लागतं ही माहिती विकणारीकडेच राहते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवरची करमाफी उठवली, भारतीय टपाल खात्याने अमेरिकेला जाणारी पार्सलं थांबवली, आणि ती सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाला आठवडाही उरला नव्हता. टपालाने घरचा डबा येण्यावर भिस्त असलेल्यांना त्या वर्षी शेजारच्या गावातल्या या वह्या जवळच्या वाटल्या, तर नवल नाही.

“तुझ्याकडे किती गिऱ्हाइकांचे फोन नंबर आहेत?” भाची विचारते.

“मी तोंडाने ओळखतो सगळ्यांना.”

“तोंडाला मेसेज पाठवता येत नाही. फराळवाल्या काकूंना तुझं दुकान दे ना डबे उचलायला. लोक डबा घ्यायला येतील तेव्हा आटाही नेतील. आणि जाताना नंबर देऊन जातील.”

“जागा देईन. पण पोरी, माझ्या दुकानात घरगुती स्वयंपाकघरातला माल ठेवला तर आरोग्य खात्याची परवानगी कुणाची लागेल, माझी की त्यांची?”

न्यू जर्सीने घरी केलेले, न नासणारे पदार्थ विकायला परवाना देण्याची सोय २०२१ मध्ये केली. तोवर या राज्यात ते बेकायदाच होतं. चकली, शंकरपाळे, लाडू त्यात बसू शकतात. उकडीचे मोदक नासणारे म्हणून बसणार नाहीत. शिवाय तो परवाना करणाऱ्याने स्वतः थेट ग्राहकाला विकण्यापुरता आहे, दुकानात विकायला ठेवण्यासाठी नाही. म्हणजे निदान काकूंना शनिवारी दुकानाच्या एका कोपऱ्यात स्वतः उभं राहावं लागेल, तेही आरोग्य खात्याला चालत असेल तर, आणि गाळ्याच्या मालकाचीही हरकत नसली पाहिजे. मालकाने नव्या भाडेकरारासाठी पाच वर्षांचा कागद पाठवला आहे. मामांनी त्याच्याकडे दोन वर्षांचा मागितला आहे, आणि शनिवारच्या कोपऱ्याचं कलम त्यात घालायला भाचीला सांगितलं आहे.